चार उभ्या, एक आडवी

उसाचा हंगाम. सात दिवस, सात रात्री.
सांगरूळ फाट्यावर खात्यानं एक टेबल दिलं,
दोन खुर्च्या, त्यातली एक तीन पायांची,
एक बॅटरी आणि गठ्ठाभर तक्ते.
रात्रपाळी माझी, दहा ते सहा.
रोजंदारी किती ते विचारू नका,
पेन्सिली मात्र सरकारी.

गाडी गेली की रेघ.
चार उभ्या झाल्या की पाचवी त्यांच्यावरून आडवी,
मोळी बांधल्यासारखी.
दुचाकी. मोटार. एसटी. ट्रक.
दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर,
जो दिसायच्या आधी त्याचा टेप ऐकू येतो.
आणि पहाटे तीनला बैलगाड्या, ओळीनं,
आसाखाली कंदील लोंबतायत,
गाडीवान झोपलेले, बैल जागे.
कारखान्याचा रस्ता बैलांना पाठ.

दुसऱ्या रात्री पलीकडून येसबा निगडे आला,
तीन पायांच्या खुर्चीवर बेतानं बसला.
चौतीस वर्षं मैलकामगार, याच रस्त्यावर.
घमेलं, फावडं, मोरीतला गाळ, साईडपट्टीचं गवत,
बुंध्यांना चुना आणि गेरू.
"ही जांभळं म्या जगवल्यात," म्हणाला,
"नदीचं पाणी डोक्यावरनं आणून."
अंगात खाकी कोट, दोन बटणं खात्याची,
बाकीची बायकोनं लावलेली.

मी त्याला तक्त्याच्या पाठीवरचं कोष्टक दाखवलं.
सायकल म्हणजे अर्धी मोटार.
ट्रक म्हणजे तीन.
बैलगाडी म्हणजे आठ.
"आठ?" इतका हसला की ठसका लागला.
"आठ मोटारी! आन् ही पोरं हॉर्न मारून बैलं बुजवत्यात!"
म्हटलं, तो मान नाही, मामा.
जी सावकाश जाते ती रस्ता जास्त अडवते.
जेवढी अडवते, तेवढी वजनदार.
तो गप्प झाला. बिडी विझली होती, पुन्हा पेटवली.
"मग माझं किती धरतासा?"

मी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.
कोल्हापूरकडे जाणारी.
गगनबावड्याकडे जाणारी.
म्हटलं, तुम्ही कुणीकडेच जात नाही, मामा,
तुम्ही नुसते ओलांडता.
"व्हय," म्हणाला. "घर अल्याड, गोठा पल्याड.
जल्मभर त्येच."

चारला धारेची वेळ झाली तसा उठला.
हात केला नाही, पळाला नाही,
आपल्या अंगणातून चालावं तसा मधोमध गेला.
एक ट्रक करकचून थांबला, त्यामागं दुसरा, त्यामागं एक मोटार.
तीन आणि तीन आणि एक, मनात बेरीज झाली.
मग समासात, सगळ्या रकान्यांच्या बाहेर,
मी एक आडवी रेघ मारली.
तिच्याखाली उभी एकही नव्हती.

तक्ते कोल्हापूरच्या कार्यालयात गेले.
साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, हे काय?
पेन्सिल निसटली, म्हणालो.
खोडरबर त्यांच्याकडंच होतं.
आकडा मर्यादेच्या वर निघाला.
चांगला निघाला, असं म्हणतात अशा वेळी.
चौपदरी मंजूर झाला.
माझा हात होता त्यात, अगदी शब्दशः.

परवा एसटीनं त्याच बाजूला गेलो.
जांभळांना नवे आकडे पडलेत,
पांढऱ्या चौकोनात लाल,
एकशे बारा, तेरा, चौदा, पंधरा.
गेरू तोच, पण हात येसबाचा नाही.
तो असतो का, कोणाला विचारू,
गोठ्याच्या जागी खडीचा ढीग.
चार उभी झाली तशी
सवयीनं माझी बोटं पाचवीसाठी उचलली गेली
आणि तिथंच राहिली, हवेत.

कंडक्टरला वाटलं, मला उतरायचंय.
त्यानं घंटी मारली.
गाडी भर रस्त्यात थांबली,
मागं सगळी थांबली.
किती, ते मी मोजलं नाही.