चुकचुक

ब्रनोमध्ये, सातव्या मजल्यावर, आईच्या शिवणाच्या खोलीत
आता शिवणयंत्र नाही. अकरा काचपेट्या आहेत,
तळाशी उबेची चटई, आणि प्रत्येकीत एक पाल.
भिंतीवर चढणारी नव्हे. या पालींना पापण्या असतात,
माणसांसारख्या डोळे मिटून झोपतात त्या.

त्वारोह म्हणजे आमच्याकडचा दह्याचा चक्का. तसाच तो नर :
फिका, गुलाबीसर, अंगावर काळा ठिपका औषधालाही नाही.
पेर्लाही तशीच. ओलोमोउत्सच्या ओटाकारकडून तिला आणलं
तेव्हा फोनवर घासाघीस मीच केली. आईबाबांना ऐकू येत नाही,
आमच्या घरात फोन हा माझा प्रांत.

फिक्याला फिकी. पिल्लं फिकीच होणार,
त्यासाठी गणित कशाला मांडायचं?
आईने अंड्यांवर पेन्सिलीने तारीख घातली,
वरची बाजू वरच राहील अशी ओलसर भुशात ठेवली,
अठ्ठावीस अंशांवर, म्हणजे बहुतेक माद्याच.
बावन्नाव्या दिवशी कवच फाटलं
आणि बाहेर आलं ते काळ्यापिवळ्या पट्ट्यांचं,
डोळे शाईच्या थेंबांसारखे.
दुसरंही तसंच. पुढच्या जोडीतली दोन्ही. त्यापुढचीही.

याच गावात, एका मठाच्या बागेत,
वाटाणे मोजून मोजून वंशाचे नियम सापडले म्हणे.
आम्हाला मात्र वाटाण्याच्या अक्षता.

फसवलं त्याने, बाबांचे हात म्हणाले.
ओटाकार फोनवर आईची शपथ घेत होता, मग आवाज उतरवून म्हणाला,
मादी आधीच्या नराचं बीज जपून ठेवते कधी कधी, महिनोन् महिने.
मी ते आईला हातांनी सांगायला घेतलं
आणि अर्ध्यात थांबले.

कारण ही शंका आमच्या घरात पूर्वी येऊन गेलेली.
मी दोन दिवसांची असताना नर्सच्या हातून ट्रे पडला, मी दचकले.
दोघंही न ऐकणारे, आणि मूल दचकतं?
कुणाची ही? आजी म्हणाली, पाठ वळवून.
समोर खिडकी होती. काचेत आईने तिचे ओठ वाचले.
मनात पाल चुकचुकते म्हणतात;
आमच्याकडे ती अशी चुकचुकली, आवाज न करता.

आई काहीच बोलली नाही. वीजबिलाच्या मागे
चार बाय चार चौकोन आखले
आणि पट्टेवाल्या भावाबहिणींनाच एकत्र सोडलं, वर्षभर थांबून.
तिचं म्हणणं : फिकेपणाकडे जाणारी दारं दोन आहेत.
त्वारोहचं एक बंद, पेर्लाचं दुसरं.
पिल्लाला प्रत्येक दाराची एक तरी किल्ली मिळते,
म्हणून रंग आत येतो.
खरं असेल तर नातवंडांत सोळांत सात फिकी.

दोन अंडी बुरशीने गेली. चौदांत पाच.
आईने तळहात हवेत डावीउजवीकडे हलवला : चालेल.

मी उत्साहाने ओटाकारला फोनवर सांगत होते,
आणि त्याच वेळी आईसाठी एका हाताने करतही होते,
दोन वेगळे बिघाड, एकमेकांना सावरून घेणारे...
आईने माझा हात हवेतच धरला.
बिघाड नाही. तिने दार काढून दाखवलं,
दोन तळव्यांचं, मिटलेलं.
मग बाबांकडे बोट केलं, स्वतःकडे केलं, माझ्याकडे.
फोनमध्ये ओटाकार हॅलो हॅलो करत राहिला.

ही पाच कुणी घेणार नाही, तो नंतर म्हणाला.
कोणतं पिल्लू कोणत्या दाराचं, नुसतं बघून कळत नाही,
वंशावळीत घोळ आहे, असलं गिऱ्हाइकाला चालत नाही.
आईने पाच चिठ्ठ्या लिहिल्या : दार माहीत नाही.
पेट्या आता सोळा. उबेचं बिल बाबा भरतात, कुरकुरत, दहा बोटांनी.

काल रात्री त्यातलं एक चुकचुकलं.
आईने माझी मान वळलेली पाहिली. काय?
पाल, म्हटलं.
कसा असतो तो आवाज?
त्याला खूण नाही माझ्याकडे. तिच्या मनगटावर
नखाने दोनदा टोकलं, थांबून एकदा.
ती बराच वेळ पेटीकडे बघत राहिली.
मग मनगट पुन्हा पुढे केलं.