वॉर्ड नऊची चिठ्ठी

आधी ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली.
पाटी बदलली, खुर्ची तीच, मीही तोच,
इतिवृत्त लिहिणारा.
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर:
एवढ्यात मावेल तेवढंच गाव मी वहीत घेतो.
बाकीचं चहाबरोबर थंड होतं.

दस्तगीर नदाफ येतो, बाहीला कापूस घेऊन.
अक्काताई कुरणे मिरची-कांडप बंद करून येतात;
त्या आत आल्या की निम्मी सभा शिंकते,
मुख्याधिकारी, बदलून आलेले, लातूरकडचे,
डोळे पुसतात, आणि विषय क्रमांक एक सुरू होतो.
भूपाल मगदूम दूध संस्थेत फॅट काढतो.
अंदाजपत्रकाचा आकडा वाचला
की मान तिरकी करून हवेत बघतो,
जणू पाणी कुठं घातलंय ते तिथंच दिसेल.
बऱ्याचदा दिसतंही.

सभेच्या भत्त्यात
हिरण्यकेशीच्या पुलापलीकडं जाऊन यायचं पेट्रोल येतं.
लोक म्हणतात, खातात.
काही खातातही. मला नावानिशी ठाऊक आहे,
आणि ते मी इथंही लिहिणार नाही.

पण वॉर्ड नऊचं सांगतो.
रावजी घेवडे, दोनशे अकरा.
महादेव शिंत्रे, दोनशे अकरा.
फेरमोजणी झाली. पुन्हा तेच.
मग तहसीलमध्ये चिठ्ठी. अंगणवाडीतली एक पोरगी,
नाक वाहतंय, फ्रॉकला सेफ्टी पिन,
तिनं डब्यात हात घातला, बराच वेळ घातला,
आणि रावजीला वर काढलं.
गुलाल दोघांनी आणला होता.
शिंत्र्यांचं पोतं अजून माळ्यावर आहे,
उंदरांनी कुरतडलंय;
त्यांचं मांजर चार वर्षं गुलाबी हिंडतंय.

तेव्हापासून शिंत्रे एकही सभा चुकवत नाहीत.
प्रेक्षकांना एकच बाक, त्याचा एक पाय विटेवर.
तिथं बसतात. बोलत नाहीत, नियमात नाही.
रावजी उठतो, गटाराचं म्हणतो,
लॉन्ड्रीच्या कोपऱ्यावरच्या दिव्याचं म्हणतो,
पहाटे साडेतीनला सुटणाऱ्या पाण्याचं म्हणतो,
आणि म्हणताना बाकाकडं बघतो.
शिंत्र्यांनी टोपी नीट केली की पुढं जातो.
टोपी काढली की खाली बसतो.

मागच्या सभेला बाक रिकामा.
शिंत्र्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गडहिंग्लजला.
विषय सात, पाण्याच्या टाकीची जागा.
रावजी म्हणाला, "तहकूब ठेवा."
"का?"
"निम्मा वॉर्ड आज दवाखान्यात हाय."
कुणी हसलं नाही.
अक्काताईंनी अनुमोदन दिलं.
मी लिहिलं: तांत्रिक कारणास्तव.

आणि काल ती पोरगी आली, आता चौथीत,
आईबरोबर, जन्मदाखल्याला.
आई शिक्का शोधत असलेल्या शिपायाशी भांडत होती.
पोरगी माझ्या टेबलाला हनुवटी टेकून म्हणाली,
"काका, त्या डब्यात आधी दुसरीच घावली हुती.
तळाला चिकटलेली. लई ओढली.
निघंना, म्हणून मग ही घेतली."

डबा कुरुंदवाडच्या पेढ्यांचा होता.
मीच आणला होता.
शेवटचे दोन पेढे जिन्यात उभ्यानं खाल्ले
आणि साहेबांनी हाक मारली.

दाखला दिला. पैसे घेतले नाहीत,
म्हणजे पावतीचे माझ्या खिशातून भरले.
हे कुणाला सांगायचं? रावजीला?
शिंत्र्यांना, एक डोळा झाकलेला असताना?

सोमवारी सभा आहे. शिंत्रे काळा चष्मा लावून येतील.
टोपी हललेली रावजीला नीट दिसावी
म्हणून मी बाक हातभर पुढं घेतला,
वीट बदलली,
आणि फडकं ओलं करून पुसला.
दोनदा.