दारांचे पत्ते

एली,
कायानीहून टाकलेलं तुझं पत्र पोचलं.
पाणमांजराची चित्रकथा तीनशे पानं वाचलीस म्हणतोस,
आणि ज्यांचा एवढा गवगवा, ती लपलेली पानं
एकही दिसलं नाही.

दिसणार कसं? तू बटण दाबत गेलास.
पुढे, पुढे, पुढे.
मीही पहिल्या वर्षी अशीच सायकल हाणायचो,
राउमाच्या अरुंद गल्ल्यांतून,
आणि एकाचं टपाल दुसऱ्याच्या दारात पडायचं.

तर आता मागे ये. अगदी पहिल्या पानावर.
वर कथेचं नाव आहे, नावात बोट, बोटीवर दिवा.
दिव्यावर बाण ने आणि नुसता धर.
दाबू नकोस.
अकरा आकडे मोज.
दहाला सोडलंस तर काहीच होत नाही,
मी दोन महिने दहाला सोडत होतो.
दिवा विझेल. अंधारात नदीला
एक जास्तीचं वळण दिसेल. तिथून आत.

पुढचं सोपं. एक्काहत्तराव्या पानावर
पाणमांजर तिकिटं फाडतं.
खाली पडलेल्या कपट्यांत एकच निळा आहे, तो दाब.
म्हातारीच्या टोपलीत काय होतं ते कळेल.
(मला वाटलं होतं, मासे. मासे नव्हते.)

एकशे चाळीस ते दोनशे, उगाच शोधू नकोस.
तिथे काही नाही.
त्या हिवाळ्यात हिल्प्पानं जेमतेम रेघा ओढल्या,
नीट बघ, बोटीला सावलीसुद्धा नाही.
का, ते मला थोडं माहीत आहे.
कुठल्या पाकिटांवर कुठला शिक्का असतो
ते पोस्टमनला कळतं.
असो.

दोनशे बारावर परतीची फेरी.
वाचून झालं की खाली जा,
तारीख संपते, चित्रकर्तीचं नाव संपतं, त्याच्याही खाली.
पांढरं. अजून खाली. अजून पांढरं.
आमच्याकडे फेब्रुवारीत तळघरांची दारं अशीच जातात,
फावड्यानं उकरून काढावी लागतात.
बोट दुखायला लागलं की समज, जवळ आलास.

उरलं एक दार.
त्याला कुलूप, आणि कुलपाला एक शब्द हवा.
लोकांनी सगळं घालून पाहिलं,
पाणमांजराचं नाव, नदीचं, बोटीचं, उलटं, सुलटं.
तुर्कूच्या एका मास्तरणीनं म्हणे वहीभर गणितं मांडली.

मला तो शब्द माहीत होता.
एका पिवळ्या लाकडी घराच्या दारावर,
पत्राच्या फटीच्या वर,
आधीच्या भाडेकरूचं नाव कुणी खरवडून काढलं नव्हतं.
एकोणीस वर्षं ते वाचत मी आत पत्रं सोडली.
आतली बाई चित्रं काढते, हे कुठे ठाऊक होतं?
आमचं बोलणं एवढंच:
इथे सही करा.
आज थंडी फार.

उघडलं मी. एकदाच.
निवृत्तीनंतरचा तिसरा आठवडा, झोप पहाटे चारलाच मोडायची.
आत एकच चौकट.
घराच्या आतून काढलेलं दार,
काळोखी बोळ, एक ओला बूट,
फट अर्धी उघडी, फटीतून निळसर उजेड
आणि उजेडात चार बोटं,
करंगळीला एक पेर कमी.

माझं ते पेर लाकूड चिरायच्या यंत्रात गेलं,
मी नऊ वर्षांचा होतो.
बायकोशिवाय कुणी कधी विचारलं नव्हतं.

तो शब्द तू मागू नकोस, एली.
रागावलास तरी चालेल.
घरात कोण राहतं हे पोस्टमन बोलत नाही,
आणि ती अजून तिथेच राहते.

तू दिव्यापासून सुरू कर. अकरा, दहा नव्हे.
टोपलीतलं कळलं की दोन ओळी लिही,
तुला काय वाटलं होतं तेही लिही.
माझ्या दारालाही फट आहे,
हल्ली तिच्यातून नुसत्या
गालिच्यांच्या जाहिराती पडतात.