दोराचं टोक

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी सहाला डॉरीन प्लॅस्किट
फळ्यावर एक वाक्प्रचार लिहिते
आणि हीटरला एक लाथ घालते.
दोन्ही कधीकधी लागू पडतं.
मी मागे बसते, चहाचं माझ्याकडे.

व्हियोरिका मासळीच्या कारखान्यातून थेट येते.
लिंबू चोळूनही हातांचा वास जात नाही.
सुपरवायझर तिला म्हणाला,
तू पाण्याबाहेरच्या माशासारखी आहेस.
तिनं समोर पाहिलं :
बर्फावर चारशे हॅडॉक,
सगळे पाण्याबाहेर,
एकाचीही तक्रार नाही.
"म्हणजे माझं काम चांगलं आहे, ना?"
डॉरीन हसू गिळते, खडू शोधत बसते.

तेस्फालेमला वकिलानं कळवलंय,
तुमचं प्रकरण अजून हवेत आहे.
चौदा महिने तो मान वर करून चालतोय.
वर नुसते सीगल.
परवा एकानं त्याच्या हातातले चिप्स पळवले,
तेवढाच काय तो निकाल लागला.
माझ्याकडे नेमका शब्द होता, अधांतरी.
पण इथे तो कुणाला देऊ?
मी त्याला साखर जास्त घातली.

आज फळ्यावर : टू द बिटर एंड.
"बिटर, म्हणजे काळ्या कॉफीसारखा?"
"नाही गं. निदान माझे वडील सांगायचे,
चवीशी त्याचा संबंध नाही.
बोटीवर दोन खुंट असतात, ते बिट.
नांगराचा दोर सोडत जायचा, सोडत जायचा,
खुंटाशी उरतं ते टोक.
त्यापुढे सोडायला..."
ती खडूची पूड झटकते.
वडिलांची बोट कुठली होती,
हे वर्गात कुणी विचारत नाही.

तेस्फालेम उठतो.
पडद्याची दोरी ओढून
खुर्चीच्या पाठीला दोन वेढे देतो,
एक आडवा, मग हिसका.
मसावाच्या धक्क्यावर दहाव्या वर्षी शिकलेली गाठ.
"हे?"
"हेच."
त्याच्या भाषेत तिला काय म्हणतात, तेही तो सांगतो.
डॉरीन म्हणून बघते. चुकते. पुन्हा चुकते.
"पुन्हा," तो म्हणतो,
थेट तिच्याच मंगळवारच्या सुरात,
आणि व्हियोरिका टेबलावर डोकं टेकून हसते.

आठला खालून किल्ल्यांचा आवाज येतो.
कोट, छत्र्या, बसची घाई.
मी कप विसळते.

बुधवारी सकाळी सफाईवाल्याला
खिडकीला बांधलेली एक खुर्ची सापडते.
तो बराच वेळ गाठ उकलत बसतो,
मग तशीच राहू देतो.