दुसरी बाजू

काईसचं ऊन असं, की कॅसेटी झाकल्या नाहीत
तर गाणारीचा आवाज दुपारपर्यंत
म्हाताऱ्या बाप्याचा व्हायचा.
मी टपरीच्या छपरावर ओलं पोतं टाकायचो.

बामाकोहून गाडी यायची, कधी एक दिवस उशिरा, कधी तीन,
आणि फलाटावर खोकं फोडायच्या आत
लोक विचारायचे, "तिची नवीन आली का?"
तिची म्हणजे अख्खी तिची:
दोन्ही बाजू, आठ गाणी,
त्यातली तीन कुणालाच न आवडणारी.
रीळ पुढं पळवायचा कंटाळा म्हणून ऐकायची ती,
आणि वर्षानं बघावं, तर तीच ओठांवर.

आता गाडी बंद. रुळांवर शेळ्या बसतात.
टपरीत माझा भाचा सेगा बसतो,
पुढ्यात एक घरघरता लॅपटॉप
आणि नखाएवढी कार्डं.
गिऱ्हाईक म्हणतं, "भर."
"काय भरू?"
"काहीही. मावेल तेवढं."
अरे, भुईमूग घेतानासुद्धा माणूस
एक शेंग फोडून बघतो.

कुरकुरत नाही मी. खोटं कशाला बोलू,
चोरीच्या कॅसेटी मीही विकल्या,
वेष्टनाची झेरॉक्स इतकी फिकट
की गाणारी कोण आणि गिटारवाला कोण, कळू नये.
फक्त तेव्हा चोरीलासुद्धा दोन बाजू होत्या.

मंगळवारी तेने आली.
कमरेच्या गाठीतून एक कॅसेट काढली,
माझ्याच दुकानातली, किंमत अजून माझ्या अक्षरात.
नवऱ्यानं ती पॅरिसला नेली होती, कामगारांच्या वसतिगृहात,
आणि खाचांत कागदाचा बोळा कोंबून
दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यावर
स्वतःचं बोलणं भरून परत पाठवली होती.
पत्रं तेव्हा अशीच यायची. लिहिता कुणाला येत होतं?
"टेप मोडला," ती म्हणाली. "हे फोनात घाल."

सेगानं कुठली कुठली वायर जोडली.
गाणं लागलं. मग खट्.
मग एक खोकला, आणि:
"तेने, पत्रे आले का? छप्पर घातलंस का?
मोठ्याला सांग, खिळे मोजून घे."
पुन्हा खट्, आणि गाणं,
जिथं तुटलं त्याच्या बरंच पुढं गेलेलं.
फोननं वर नाव दाखवलं: अज्ञात कलाकार.

चूक सेगाची. फाईल भलत्याच फोल्डरात पडली,
आणि दोन महिने जो जो "भर" म्हणाला
त्याच्या त्याच्या कार्डात गेली.
चहाच्या शेगडीपाशी, वाळूच्या ट्रकमध्ये, नदीपलीकडच्या वस्तीत,
हजार गाण्यांच्या मधेच
एक माणूस खिळे मोजायला सांगू लागला.

सेगाला पुढं घालून मी माफी मागायला गेलो.
तेने शेंगा सोलत होती. बराच वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, काल न्हाव्याच्या टपरीवरून जात होते,
तिथं ते गाणं लागलेलं.
तो बोलला, छप्पर घातलंस का,
आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यावरचा वस्तरा उचलून
न्हावी म्हणाला, "घातलं रे बाबा, घातलं."

टरफलं झटकून ती उठली.
"मी उत्तर कधी पाठवलंच नव्हतं.
कोरी कॅसेट तू फार महाग लावायचास."