झेड झिरो थ्री

दगूबाई बागुल, वय अंदाजे साठ,
राहणार नंदुरबार, मिरचीच्या पथारीमागे.
आत आल्या काल दुपारी चार दहाला.
हे मीच टाइप केलं,
आणि त्यांच्या पदराच्या वासानंच
मला तीन शिंका आल्या,
त्या फॉर्ममध्ये कुठं भरायच्या कळलं नाही.

आधी म्हणाल्या छातीत दुखतं.
मग म्हणाल्या, दुखत नाही, भरून येतं.
दुखण्याचा कोड वेगळा,
भरून येण्याचा यादीत नाही.
मी दम लागण्याचा टाकला. आर झिरो सिक्स.

मुलगा सुरतेला, साड्यांच्या कारखान्यात.
त्याच्या कंपनीचा विमा आईवडिलांना धरतो
(वडील गेले, कार्डावर अजून आहेत).
विम्याची अट मला झोपेतही पाठ:
चोवीस तास.
तेवीस तास एकोणसाठ मिनिटं झाली
तर माणूस आलाच नव्हता.

रात्रभर ईसीजीच्या पट्ट्या निघाल्या,
दोनदा रक्त, एकदा फोटो.
काही सापडलं नाही.
“कितला वाज्यात?” त्या दर तासाला विचारायच्या,
“माले कसाले इतलं देखी राह्यनात?”

आज अडीचला डॉक्टर वळवींनी सही केली.
सुई निघाली, कापसाचा बोळा चिकटला,
खाट नंबर सहावर
धडगावचा साप चावलेला पोरगा चढलासुद्धा.

मी बोटांवर मोजलं.
एक तास चाळीस मिनिटं कमी.

गिरासे सर खुर्चीमागे येऊन हळूच म्हणाले,
सुटण्याची वेळ चार वीस टाक.
कोण बघतंय?

काउंटरला टेकून बाई ऐकत होत्या.
“खोटं लिखू नको रे भाऊ.
बठस मी आठे.”

आणि बसल्या.
समोरच्या बाकावर, गोळ्यांची पिशवी मांडीवर,
एस.टी. उशिरा असल्यासारख्या.
कमरेच्या बटव्यातून एक वाळकी मिरची निघाली,
ती माझ्या कानाशी धरून हलवली.
“वाजनी ते सुकनी.
नही ते आखो उन्हमा.”
चाळीस वर्षं हेच केलं म्हणाल्या,
डोळ्यांनी नाही, कानांनी निवडायची.
मी मान हलवली. मला काही ऐकू आलं नव्हतं,
प्रिंटर चालू होता.

मग मी एक कोड उघडला, क्वचितच लागतो:
संशयित आजारासाठी निरीक्षण, आजार आढळला नाही.
झेड झिरो थ्री.
म्हणजे कुणीतरी जाड पुस्तकात
याचीही जागा ठेवली होती,
माणसाकडे नुसतं बघत राहिल्याची,
आणि काही न निघाल्याची.
एवढं करून माझ्या घरी मी कुणाकडे
शेवटचं असं बघितलं होतं
ते मला आठवेना.

साडेतीनला त्यांचा डोळा लागला.
मी श्वास मोजले. मिनिटाला अठरा.
हे माझं काम नाही, नर्सचं आहे.
नर्स त्या पोराजवळ होती.
काउंटरला दोघे ताटकळत होते, त्यांना थांबा म्हणालो.
चार दहा कधी होऊन गेले ते समजलंच नाही,
चार सतरा झाले होते.
चार सतराच लिहिलं.

जाताना त्यांनी मिरची काउंटरवर ठेवली.
चहाचे पैसे द्यावे तशी.

एकोणीस दिवसांनी विमा कंपनीचं पत्र:
हा रुग्ण दाखल न करता का तपासला नाही?
अडीच ते चार सतरा कोणते उपचार दिले?
खाट कोणती होती?
खुलासा सात दिवसांत.

गिरासे सर म्हणाले, बघ, सांगितलं होतं.

पथारीवर आता हंगाम चढलाय,
बायपासपर्यंत जमीन लाल,
तोंडाला फडकी बांधलेल्या शंभर बाया,
त्यातली कोणती, स्कूटरवरून ओळखू येत नाही.

संध्याकाळी प्रिंटर बंद केला.
पत्रावर ठेवलेली मिरची उचलून
कानाशी धरली.
वाजते.

खुलाशात अजून एकच ओळ आहे:
रुग्ण निरीक्षणाखाली होती.
कुणाच्या, ते विचारलेलं नाही.