खरारा

बसायचं नाही घोड्यावर,
हे मी पहिल्याच दिवशी सांगतो सगळ्यांना.
आडनाईक हवालदार हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
मग काय करायचं, म्हणाले.
मी हातात खरारा दिला.

वडणग्याच्या रस्त्याला, उसाच्या फडांत शिरलेली
माझी पागा, म्हणजे पत्र्याचं एक छप्पर,
चार घोडी, रातिबाचं पिंप,
आणि गुरुवारी स्कूटरवरनं येणारी डॉक्टरीण.
ती वहीत लिहिते. मी लीद काढतो.
बापाचा टांगा होता, बिंदू चौक ते स्टेशन.
मी वीस वर्षं वराती केल्या,
डॉल्बीपुढं घोड्या नाचवल्या पायांत घुंगरू बांधून.
ते पाप आता फेडतोय असं बायको म्हणते.
असेलही.

हिंदुराव आडनाईक. सतरा वर्षं फौजेत.
आले तेव्हा डोकं, हात, पाय, सगळं शाबूत,
म्हणून गावानं हार घातला, फटाक्यांची माळ लावली,
आणि हे ट्रॅक्टरखाली जाऊन पालथे पडले,
झेंडूची पाकळी ओठाला चिकटलेली.
त्यावर अजून विनोद होतात, मिसळीबरोबर.

रात्री भिंतीला पाठ लावून बसतात, वहिनी सांगतात.
धाकटा लेक एकदा मागनं येऊन बिलगला.
त्याचा हात प्लास्टरात आहे.

मैना, तांबूस घोडी.
शर्यतीत गाडी उलटली तेव्हापासून
उजव्या अंगानं कुणाला येऊ देत नाही.
मी जोडी जुळवली वगैरे काही नाही.
त्या दिवशी तीच मोकळी होती.

तीन आठवडे ती पाठ करून उभी.
घोड्याला वर्दी कळत नाही, पदक कळत नाही,
श्वास कोंडून उभा राहिलेला माणूस मात्र
वीस हातांवरनं कळतो.
मग तीही कोंडते, कान मागं पाडते.
खोटं बोलत तिच्या जवळ जाता येत नाही.
डॉक्टरीण म्हणाली, श्वास सोडा.
हवालदार म्हणाले, कुठं?

ते ‘कुठं’ माझ्या डोक्यातनं जात नाही.

मार्गशीर्षात शेजारच्या चौगुल्यांनी फड पेटवला, न सांगता.
पाचट तडतडायला लागलं.
मशिनगन कशी वाजते मला माहीत नाही,
हवालदारांचं तोंड बघून कळलं.
मैना मागच्या दोन पायांवर. दोर ताणलेला.
मी धावलो, पण दोघांतलं कोण आधी सुटेल,
कुणाला आधी धरायचं, तेच ठरेना.

तेव्हा आवाज ऐकला, हळू,
तापातल्या पोराशी बोलावं तसा.
ऊस हाय गं.
ऊस पेटलाय.
वास घे, गोड येतोय का न्हाय?
बघ, तिकडं माणसं उभी हाईत, चौगुल्यांचीच.
ऊस हाय. दुसरं काय न्हाय.
किती वेळा म्हणाले, मी मोजलं नाही.
मैनेलाच म्हणत होते, असं मी धरून चालतो.
तिच्या उजव्या अंगाला उभे होते ते.
दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

राख पडत राहिली, काळी, लांब, हलकी.
तिच्या आयाळीत, त्यांच्या मिशीत.
नंतर त्यांनी खरारा मागितला
आणि दिवस मावळेपर्यंत तेच काम केलं.
डॉक्टरणीच्या वहीत यातलं काही नाही.
त्या दिवशी गुरुवार नव्हता.

बरे झाले का, लोक विचारतात.
काय सांगू? परवाच
कुणाच्या तरी बुलेटचा आवाज आला
आणि हवालदार तासभर हौदामागं बसून होते.
मी चहा तिथंच नेऊन ठेवला.

आज लेकाला घेऊन आलेत.
प्लास्टर निघालंय, हात अजून बारीक दिसतो.
पोरगा कुंपणापाशी घुटमळतो.
समोरनं ये, बाप म्हणतो, आणि बोलत ये,
म्हणजे कोण येतंय ते तिला कळतं.
पोरगा बोलत येतो,
नाव सांगतो, तुकडी सांगतो,
शाळेत आज खिचडी होती, करपलेली.

मैनेचा एक कान वळतो. एकच.
हवालदार थोडं सरकून
त्याला जागा करून देतात.